आठ जीबी रॅम बसवली, वापरात साडेतीनच: ३२ बिट विंडोजवरून ६४ बिटवर कसे जावे

आमच्या वहिनी घरी दहावीच्या शिकवण्या घेतात. प्रश्नपत्रिकांच्या फायली, पीडीएफ आणि ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब असं सगळं त्यांच्या संगणकावर एकदम उघडं असतं. तो अडखळायला लागला म्हणून त्यांनी ४ जीबी रॅमच्या जोडीला आणखी ४ जीबी बसवून घेतली. तरी काडीचा फरक पडला नाही. मी सेटिंग्ज उघडून सिस्टिममधल्या 'अबाउट'वर गेलो. बसवलेली रॅम ८ जीबी, वापरण्याजोगी ३.४२ जीबी. त्याच्याच खाली कारण लिहिलेलं होतं: ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसर ६४ बिटांचा, पण त्यावरची विंडोज ३२ बिटांची.

रॅममध्ये दोष नव्हता. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता लागतो, आणि ३२ बिटांत असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स कार्ड वगैरे भागांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून हाती सव्वातीन-साडेतीन जीबी येते. बाकीच्या रॅमपर्यंत ३२ बिट विंडोज पोचतच नाही.

तेव्हा आधी तुमच्याकडची ती ओळ वाचा. '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. प्रोसेसरपुढे एक्स८६ लिहिलं असेल तर प्रोसेसरच ३२ बिटांचा आहे. तिथे ६४ बिट चालणार नाही. सिस्टिम आधीच ६४ बिट असूनही रॅम बरीच कमी दिसत असेल, तर एमएसकॉन्फिग (विंडोजमधलंच सेटिंग्जचं एक साधन) उघडून 'बूट'मधल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'मॅक्सिमम मेमरी'समोर टिक आहे का बघा. असेल तर काढा.

कोणती विंडोज टाकायची? विंडोज १०चा मोफत सपोर्ट (अपडेट आणि मदत) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. संगणक विंडोज ११च्या अटींत बसत असेल (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, मान्य यादीतला प्रोसेसर) तर सरळ ११ टाका, ती ६४ बिटांतच येते. बसत नसेल तर ६४ बिट विंडोज १० टाकून सुरक्षा अपडेट वाढवून देणाऱ्या योजनेत नाव नोंदवा, नाहीतर लिनक्स मिंट वापरून बघा. जुन्या यंत्रावर मिंट खरंच छान चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३२ बिटवरून ६४ बिटवर अपडेट करून जाता येत नाही. सी ड्राइव्ह पुसून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं, त्यामुळे बॅकअपला एक अख्खी संध्याकाळ द्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

मराठीत काम करणाऱ्यांनी फाँट विसरू नयेत. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. फाँट गेला की 'प्रश्न पहिला'च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. वहिनींच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशाच फाँटमध्ये होत्या. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं 'फाँट्स' उघडा आणि तुमचे मराठी फाँट बॅकअपमध्ये कॉपी करा. टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं असेल किंवा यूएसबी लॉकवर (ते उघडण्यासाठी लावावा लागणारा यूएसबीचा तुकडा) चालत असेल, तर ते ६४ बिटवर चालतं का हे कंपनीकडून आधी विचारून घ्या. प्रिंटर आणि स्कॅनरचंही तसंच: ३२ बिटचा ड्रायव्हर (ते यंत्र विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) ६४ बिट विंडोजला चालत नाही, म्हणून नवे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. वायफायचा तर नक्कीच, कारण तो नसेल तर बाकीचे उतरवायला इंटरनेटच मिळणार नाही.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (तो पूर्ण पुसला जाईल). मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि इन्स्टॉलेशन मीडिया तयार करण्याचा पर्याय निवडा. विंडोज १० असेल तर 'या संगणकासाठी सुचवलेले पर्याय' ही टिक काढून आर्किटेक्चर ६४ बिट करा. ही टिक राहिली तर तुमच्या जुन्या संगणकावर पुन्हा ३२ बिटचाच पेनड्राइव्ह तयार होईल.

पेनड्राइव्ह लावून संगणक रीस्टार्ट करा आणि कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनूतून (संगणक कशावरून सुरू करायचा त्याची यादी) पेनड्राइव्ह निवडा. चालू विंडोजमधून सेटअप उघडायला गेलात तर तो चालणार नाही. प्रॉडक्ट की (विंडोजच्या परवान्याचा क्रमांक) मागितली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडा आणि पूर्वीचीच आवृत्ती ठेवा, होमला होम, प्रोला प्रो. आधीची विंडोज १० अॅक्टिव्हेट झालेली असेल तर इंटरनेट लागल्यावर नवी आपोआप होते. त्याच आवृत्तीच्या ६४ बिटसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. पुढे 'कस्टम' निवडा. पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) यादीत घाई करू नका. आकार बघून जुनी सी ओळखा आणि फक्त तिलाच फॉरमॅट मारा, डी ड्राइव्हला हात लावू नका.

इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर, मग फाँट, मग फायली या क्रमाने आणा. वहिनींच्या संगणकावर 'अबाउट'मध्ये आता ७.८८ जीबी वापरण्याजोगी दिसते. राहिलेली थोडी ग्राफिक्ससाठी राखीव असते. पहिली प्रश्नपत्रिका उघडून त्यांनी ती शेवटच्या प्रश्नापर्यंत वाचून काढली. तुम्हीही जुन्या फायली अशा उघडून बघा, आणि बॅकअपची डिस्क निदान महिनाभर पुसू नका.