मौझर, थ्री-नॉट-थ्री की रेमिंग्टन? बोल्ट ॲक्शन रायफलींची तुलना करायची तर आधी बोल्ट बघा

मौझर भारी की थ्री-नॉट-थ्री, हा वाद नेमबाजीच्या रेंजवर चहा आला की सुरू होतो आणि चहा संपला तरी संपत नाही, कारण सगळे कॅलिबरवर (नळीच्या व्यासावर) आणि कुठल्या युद्धात कोण जिंकलं यावर बोलतात, बोल्टवर, म्हणजे काडतूस भरायला हाताने मागे-पुढे करतो त्या दांड्यावर, कोणी बोलतच नाही. आणि बोल्ट हातात घेतला की अर्धा वाद तिथेच मिटतो.

आधी रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण मागे घ्या, चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) करंगळी घालून खात्री करा. समोरचा कितीही ओळखीचा असो, "रिकामीच आहे रे" यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता बोल्ट बाहेर काढा आणि लग कुठे आहेत ते बघा, म्हणजे बोल्टला जागेवर अडकवून ठेवणारे ते जाड दात. १८९८ च्या जर्मन मौझरमध्ये दोन मोठे लग अगदी पुढे, चेंबरच्या लगेच मागे, आणि एक तिसरा मागच्या बाजूला, पुढचे गेलेच तर आधार म्हणून. ली-एनफिल्डमध्ये, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीमध्ये, सगळं लॉकिंग मागे. गोळी सुटते तेव्हा मागे लॉक होणारा बोल्ट केसभर दबतो, त्यामुळे पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) जास्त ताणली जाते, आणि जे लोक पुंगळ्या परत भरून वापरतात त्यांना हे लवकर जाणवतं, पुंगळी चार-दोन वेळातच बुडापाशी चिरायला लागते. पण म्हणून मागचं लॉकिंग वाईट असं नाही हां, बहुतेक .२२ रायफली मागेच लॉक होतात, तिथे दाबच कमी असतो.

मग हँडल सावकाश उचला. मौझरचं हँडल ९० अंश उचलावं लागतं आणि उचलतानाच जोर लागतो, कारण काडतुसावर आपटणाऱ्या पिनची स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते. ली-एनफिल्डचं जेमतेम ६० अंश, लोण्यासारखं उचललं जातं, जोर लागतो तो बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या इंचभरात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण याच बोल्टवर आणि १० गोळ्यांच्या मॅगझिनवर पहिल्या महायुद्धाच्या वेळचा ब्रिटिश सैनिक ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेम धरून मारायचा. वेगात मौझर त्याच्या जवळपास येत नाही, हे मौझरवाल्यांनी मान्य करायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, काडतूस धरतो कोण. यासाठी डमी काडतूसच घ्या, खरं नको. बोल्ट अर्धा पुढे ढकला आणि परत मागे ओढा. मौझरचा लांब एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) मॅगझिनमधून वर येतानाच काडतुसाचं बूड सांडशीसारखं पकडतो, त्यामुळे ते बोल्टबरोबर परत येतं. रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतूस नुसतं ढकलतो आणि पूर्ण बंद होतानाच पकडतो, म्हणून अर्ध्यातून मागे घेतलं तर काडतूस तिथेच पडून राहतं, आणि घाबरून दुसरं ढकललं की अडकलंच. जंगलात मोठ्या जनावरासमोर लोक मौझर पद्धत मागतात ती यासाठी. कागदावरच्या टार्गेटला काहीच फरक पडत नाही, उलट एकेक काडतूस हाताने टाकायला ढकलणारी पद्धतच सोयीची. ब्लेझर आर-८ सारख्या सरळ ओढायच्या रायफली वेगळ्याच आणि महागही, त्या इथे सोडून देतो.

आता बाजारात काय उरलंय? इथे चांगलं डिझाइन टिकतं असं समजू नका, बनवायला स्वस्त पडतं ते टिकतं. विंचेस्टर मॉडेल ७० हे १९३६ चं, मौझर पद्धतीच्या पकडीचं, पण १९६४ मध्ये खर्च वाचवायला कंपनीने ती पकडच काढली, गिऱ्हाइकं इतकी चिडली की जुन्या रायफलींना आजही "प्री-६४" म्हणून जास्त भाव आहे. पकड १९९० च्या दशकात परत आली, २००६ मध्ये अमेरिकेतला न्यू हेवनचा कारखाना बंद पडला, २००८ पासून दुसरीकडे उत्पादन सुरू झालं. रेमिंग्टन ७०० ची गंमत उलटी. १९६२ ची रायफल, कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, पण त्या मापाचे रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा), ट्रिगर, दस्ते इतर कंपन्या इतके बनवतात की डिझाइनला काही झालं नाही. मूळ मौझर पद्धत नवी हवी तर सर्बियाची झास्तावा एम-७० परवडणारी. आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या रेंजर्सनी (लष्कराच्या राखीव दलाने) तर १९४७ पासून ली-एनफिल्डच वापरली, कडाक्याच्या थंडीत ती चालते म्हणून, आत्ता कुठे तिच्या जागी फिनलंडच्या टिक्का टी-३एक्सवर आधारित सी-१९ आली.

आपल्याकडे चित्र वेगळं, इथे काय मिळणार ते कायदा ठरवतो. थ्री-नॉट-थ्री हा लष्करी बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तोच ली-एनफिल्डचा बोल्ट .३१५ च्या काडतुसाला बसवून स्पोर्टिंग रायफल काढली, त्यामुळे जगात जी रायफल कलेक्टरची झाली ती आपल्याकडे वेगळ्या नावाने परवानाधारकांच्या घरी आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी, त्यामुळे "हरणाला कुठली चांगली" हा प्रश्न इथे विचारूच नका.

जुनी .३१५ बघायला गेलात (अधिकृत डीलरकडेच, आणि परवान्यावर नोंद करूनच) तर बोल्टच्या हँडलवरचा नंबर रिसीव्हरच्या नंबरशी जुळतो का ते पहिलं तपासा. ली-एनफिल्डचे बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेले असतात, दुसरीचा टाकला तर बसतो खरा, पण हेडस्पेसची (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसासाठी असलेल्या नेमक्या जागेची) खात्री राहत नाही, आणि पुंगळी फुटली तर गरम गॅस तोंडाकडे येतो. नंबर जुळत नसेल तर जाणकार गनस्मिथने गेजने तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मॅगझिनही त्याच रायफलीत चार-पाच डमी घालून चालवून बघा, कारण त्याच्या वरच्या पत्र्याच्या कडा जराशा वाकल्या असतील तरी काडतूस नाक खाली करून अडकतं, आणि लोक उगाच बोल्टला शिव्या घालतात.