मोठा कार्बोरेटर, मंद गाडी: पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरवाल्यांनो, या चुका टाळा

इंजिनाचं बोअर झालं, हेड घासलं, सायलेन्सर मोकळा केला, की मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, सगळ्यात मोठा कार्बोरेटर कोणता बसेल?" बसेल कोणता ते सोडा. कार्बोरेटर (कार्ब) हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. तुमचं इंजिन हवा किती ओढतं, ते आधी काढा.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा घेतं. अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसी इंजिन ५००० आरपीएमला कागदावर मिनिटाला ३७२० लिटर घेईल. प्रत्यक्षात ८० टक्के धरा, म्हणजे साधारण १०५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). पद्मिनीच्या १०८९ सीसीला ७७ झाले तरी पुरे. आणि पाचोरा-भडगाव रस्त्यावर ५००० आरपीएम तुम्ही कितीदा गाठता?

चाळीसगावच्या एका तरुणाने हेड घासलेल्या पद्मिनीवर दोन्ही गळे (हवेच्या वाटा) एकदम उघडणारा ३८ मिलिमीटरचा कार्ब बसवला. सपाटीला आवाज झकास. कन्नड घाटात मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी बसायची. "भाऊ, घाट चढत नही," म्हणत आला. आधीच्या मेकॅनिकांनी पेट्रोल कमी पडतंय असं समजून मेन जेट (पेट्रोल सोडणारं मापाचं भोक) वाढवत नेले होते. प्लग काळेकुट्ट, घाट तसाच. व्हेंचुरी म्हणजे गळ्याचा आतला अरुंद भाग. रुंद व्हेंचुरीत हवेचा वेग पडतो, ओढ कमी होते, मग मेन जेटमधून पेट्रोल वेळेवर उचललंच जात नाही. जे येतं तेही धुकं न होता मॅनिफोल्डच्या (कार्बपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) भिंतीला चिकटतं. कार्बच्या अंगावरचा आकडा बहुधा थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) भोकाचा असतो. वेग ठरवते ती आतली व्हेंचुरी. ती मोजल्याशिवाय मी पैसे देऊ देत नाही.

त्या तरुणाला त्याचा जुना एक गळ्याचा सोलेक्स कार्ब माळ्यावरून काढायला लावला. साफ केला, फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई आणि पॅकिंग नवं टाकलं, मेन जेट जरासा वाढवला. "एवढ्या पैशांचा कार्ब काढायचा?" म्हणून तो रुसला होता. घाट चढून आल्यावर मात्र तोच हसत होता. दोन गळे हवेच असतील, तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेल्या अ‍ॅम्बॅसडरवर ३२/३६ मिलिमीटरचा कार्ब ठेवा. लहान गळा रोजचं काम करतो, मोठा नंतर उघडतो.

टायमिंग, टॅपेट, प्लग आधी. कार्बला हात शेवटी. घाईत लोक नेमकं उलटं करतात.

जेटला तार किंवा ड्रिल लावू नका. भोक वेडंवाकडं झालं की तो जेट भंगार.

इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावू नका. त्याचा दाब तीन बारच्या आसपास, आणि अशा कार्बला ०.२ बार भरपूर. फ्लोटची सुई टिकतच नाही, पेट्रोल बाहेर सांडतं, खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

नव्या कार्बखालची जोडपट्टी फटीतून हवा घेत असेल तर आयडलचा स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य.

उन्हाळ्याचा विचार तर कोणी करतच नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या पुढे जातो. अ‍ॅम्बॅसडरचा कार्ब एक्झॉस्टच्या वरच असतो, गाडी बंद केली की फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं. खाली बेकेलाइटचा जाड स्पेसर आणि पत्र्याची ढाल लावाच. ट्यूनिंग मी गरम इंजिनावर, दुपारीच करतो. थंड सकाळी जमवलेलं मिश्रण दुपारच्या विरळ हवेत जड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं.

जुन्या पुस्तकातले जेटचे नंबर ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला थोडे लहान पडतात, प्लगचा रंग बघून ठरवा. रबरी पाइप जुने असतील तर तेही त्याच वेळी बदला.