पावसाळ्यातलं गढूळ पाणी: तुरटीनंतर पॉलिमर कसं वापरावं

वर्धा, पूर्णा, पैनगंगेच्या काठावरच्या नळयोजनांना जुलैत येणारा गाळ बहुतेक काळ्या मातीचाच असतो. त्यातली माँटमोरिलोनाइट चिकणमाती अतिशय बारीक. कणांवर ऋण भार असल्यामुळे ते एकमेकांना ढकलतात, म्हणून रात्रभर ठेवलं तरी पाणी निवळत नाही. तुरटी हा भार मोडते, पण गुठळ्या बारीक आणि हलक्या राहतात. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या रसायनाची, साखळी त्यांना बांधून जड करते. पॉलिमर तुरटीऐवजी नव्हे, तुरटीनंतर घालायचं असतं.

पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेलं ऋणभारी पॉलिमरच घ्या. 1 लिटर स्वच्छ पाणी ढवळत ठेवून त्यात 1 ग्रॅम भुकटी चिमटीचिमटीने भुरभुरा. एकदम ओतली की माशाच्या डोळ्यासारखे गोळे होतात आणि ते विरघळत नाहीत. तासभर हळू ढवळा. मिक्सर किंवा जोराचा पंप लावू नका, साखळ्या तुटतात. द्रावण रोज ताजं करा.

डोस जार चाचणीनेच ठरतो. नदीचं पाणी 1-1 लिटर सहा बरण्यांत घ्या. 1 टक्का तुरटीचं द्रावण 1 ते 6 मिली घाला, म्हणजे 10 ते 60 मिग्रॅ होतात. मिनिटभर जोरात, मग 15 मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास थांबा. सगळ्यात निवळ बरणीचा डोस धरून चाचणी पुन्हा करा. या वेळी जोरात ढवळून झाल्यावर पॉलिमर घालायचं. त्याचं द्रावण दहापट पातळ केलं की 1 मिली म्हणजे 0.1 मिग्रॅ, 0.1 ते 0.5 मिग्रॅ तपासा. लिटरला 1 मिग्रॅच्या वर कधीच जाऊ नका.

40 मिग्रॅ तुरटी आणि 0.2 मिग्रॅ पॉलिमर ठरलं, तर 50,000 लिटरला 2 किलो तुरटी आणि मूळ (पातळ न केलेलं) पॉलिमर द्रावण 10 लिटर लागेल. मोठा पाऊस झाला की चाचणी नव्याने करा, कालचा डोस आज चालत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान जादा पॉलिमरने होतं. कण पॉलिमरने पूर्ण झाकले गेले की जोडायला जागा उरत नाही, पाणी पुन्हा गढूळ राहतं आणि उरलेलं पॉलिमर वाळूवर चिकटतं. फिल्टर लवकर तुंबतो, बॅकवॉश (खालून उलटं पाणी सोडून धुणं) करूनही वाळूत चिखलाचे गोळे दिसतात. अशा वेळी आधी पॉलिमर बंद करा, वरचा वाळूचा थर काढून धुवा आणि मगच कमी डोसने पुन्हा सुरू करा.