सोंस बघायला येताय? आधी जाळं बघा

बिहारमधल्या कहलगावच्या घाटावर मी पहिल्यांदा गेले ती छापील प्रश्नावली घेऊन. 'तुमच्या जाळ्यात कधी डॉल्फिन अडकलाय का?' हा त्यातला पहिलाच प्रश्न. जाळं विणत बसलेले मल्लाह (नावाडी-मच्छीमार) चाचा 'नाही' म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी घाटावर सगळ्यांचं उत्तर 'नाही'च होतं. गंगेतला डॉल्फिन, म्हणजे तिथला सोंस, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. चुकून अडकून मेला तरी गुन्ह्याची धास्ती असते. मग मेलेला सोंस गुपचूप पाण्यात सोडायचा. नोंद कुठेच नाही. नदीकाठच्या पर्यटनावर काम करायला येणाऱ्यांना म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रश्नावली महिनाभर पिशवीतच राहू द्या.

सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा 1991 साली विक्रमशिला अभयारण्य झाला. त्याआधीचं वाचून जा. इथल्या पाण्यावर जमीनदारांची मालकी होती, तिला पानीदारी म्हणत. मासे धरायचे तर त्यांना पैसे मोजायचे. 1982 मध्ये कहलगावातून मच्छीमारांचं गंगामुक्ती आंदोलन उभं राहिलं आणि पुढे पानीदारी संपली. इतकं झगडून मोकळं केलेलं पाणी. तिथे आपण 'संवर्धन' म्हटलं की मल्लाहांना नवा मालक आल्यासारखं का वाटतं, ते मग कळतं.

मी पहाटे चाचांच्या होडीत बसायला लागले आणि खरं शिक्षण तिथे झालं. नदी वळते, पाणी गोल फिरतं, तिथे मासा थांबतो. म्हणून सोंसही तिथेच आणि उभं लावलेलं नायलॉनचं जाळंही तिथेच. सोंस जवळजवळ आंधळा, आवाजाच्या प्रतिध्वनीवर जगणारा. बारीक धाग्याचं जाळं त्याला चटकन उमगत नाही. इंजिनाचा गोंगाट त्याला त्रासदायक, तेव्हा पर्यटकांसाठी वल्ह्यांचीच होडी धरा. श्वासाला तो वर येतो तो क्षणभरच. फोटो मिळेलच असं कुणाला कबूल करू नका. पुढचा कुठे येईल ते मात्र चाचा आधी सांगतात, दुर्बिणीला ते जमत नाही.

होड्यांच्या पाळ्या आणि फेरीचा दर गावानेच ठरवावा, तोही जाळी ओढायच्या वेळा सांभाळून. आणि मासेमारी सोडा, असं कुणालाही सांगू नका. पर्यटक येतात हिवाळ्यात, पोट बारा महिने असतं. पावसाळ्यात नदी फुगली की फेऱ्या बंद होतात, तेव्हा घर चालतं ते माशावरच. हे मला फार मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत एका सकाळी चाचांनी आपणहून एका वळणाकडे बोट दाखवलं. 'इथे अडकलं होतं. पिल्लू होतं.' मी बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, लिहू का? ते म्हणाले, 'नाव नको. जागा लिही.'