डेस्कटॉपचं वाय-फाय सारखं तुटतंय? आधी या चुका टाळा

नेट गेलं की आपला हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे, पुन्हा चालू करायचा. पुष्कळदा नेट येतंही, आणि फसगत तिथेच होते. राउटर नव्याने सुरू होताना कदाचित वेगळं चॅनल (रेडिओ लहरींचा ठरलेला पट्टा) पकडतो, कॉम्प्युटर नव्याने जोडला जातो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नव्याने मिळतो. यातल्या नेमक्या कशाने गुण आला ते कळतच नाही, आणि दोन तासांनी पुन्हा तेच रडगाणं.

काय तुटतंय ते न बघता उपाय सुरू करणं

कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत एक टप्पा, राउटरपासून बाहेरच्या इंटरनेटपर्यंत दुसरा. वाय-फायचा संबंध फक्त पहिल्याशी. दुसरा टप्पा तुटत असेल तर तुम्ही टेबलाखाली शिरून कितीही घाम गाळा, उपयोग शून्य.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या (आज्ञा टाइप करायच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे 'ping' लिहून पुढे पत्ता द्या; त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते यात दिसतं. हा पत्ता नेटवर्क सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो आणि बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) पिंग लावा. पत्त्यापुढे जागा सोडून एक आडवी रेघ आणि टी लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. आता नेहमीचं काम करत बसा आणि नेट अडकलं की या खिडक्यांकडे बघा.

राउटरच्या खिडकीत २, ३, २, ३ मिलिसेकंद असं शांतपणे चाललं असेल आणि दुसरीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर तुमचं वाय-फाय निर्दोष आहे. नेट देणाऱ्या कंपनीला फोन लावा. राउटरच्याच खिडकीत २, ३, मग एकदम ४८०, मग टाइम्ड आउट असं दिसलं, तर दुखणं पहिल्या टप्प्यात आहे. दोन्ही खिडक्या ठीक आणि तरीही पानं उघडत नाहीत, असं असेल तर बहुधा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) सेटिंगमध्ये घोळ आहे.

'मोबाइलवर तर छान चालतंय!'

हो, पण मोबाइल तुमच्या हातात, छातीच्या उंचीवर असतो. डेस्कटॉपचा अँटेना गुडघ्याखाली, पत्र्याच्या कॅबिनेटच्या पाठीशी, भिंतीकडे तोंड करून आणि वर वायरींच्या जंजाळात असतो. तुलना करायचीच तर मोबाइल कॅबिनेटच्या मागे नेऊन धरा आणि मग रेंज बघा.

यात मी स्वतः चांगलाच तोंडघशी पडलोय. नवा मदरबोर्ड घेतला होता, त्यात वाय-फाय आतच होतं. राउटरच्या खोलीत मशीन जोडलं तेव्हा सगळं सुरळीत. दोन खोल्या पलीकडे टेबलाखाली नेल्यावर कनेक्शन तुटायला लागलं. ब्लूटूथचा माउसही अडखळत होता, पण तो वेगळा प्रॉब्लेम समजून मी सोडून दिला. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तीनदा काढून घातला. आठवड्याभराने दुसरीच एक वायर शोधायला टॉर्च घेऊन मागे वाकलो, तर मागच्या पट्टीवर आट्यांची दोन सोनेरी टोकं नागडी दिसली. अँटेने मदरबोर्डच्या खोक्यात, पुठ्ठ्याखाली, पिशवीत बंद! ते लावल्यावर सिग्नल उणे ८२ वरून उणे ५८ डीबीएमवर आला आणि माउसही सुधारला, कारण अशा कार्डांवर ब्लूटूथ आणि वाय-फाय तेच अँटेने वापरतात.

डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. या उणे आकड्यांचं गणित लक्षात ठेवा. दर ३ डीबीला सिग्नलची ताकद निम्मी होते. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ७५ च्या खाली गेलात की कुरबुरी सुरू. विंडोजमधल्या त्या चार रेघांवर विसंबू नका, कारण आजूबाजूला गोंगाट किती आहे हे त्या सांगत नाहीत.

अँटेना हाताने घट्ट बसवा, पक्कड लावू नका. आणि त्याचं टोक बंदुकीसारखं राउटरवर रोखू नका. काडी अँटेन्याचा सिग्नल बाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेला तो सगळ्यात कमी असतो. राउटर त्याच मजल्यावर असेल तर अँटेना उभा ठेवा. तो बरोबर वरच्या मजल्यावर असेल तर एक आडवा करून बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे तारेवरचा अँटेना घेऊन टेबलावर ठेवणं. टेबलाखालच्या मशीनला मी तरी आधी हेच सुचवतो.

डोंगल निळ्या पोर्टमध्ये, शेजारी हार्ड डिस्क

डोंगल म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं वाय-फाय कार्ड. हे अनेकांना पटतच नाही, पण यूएसबी ३ चे (बहुतेकदा निळे) पोर्ट, केबल आणि डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ओळखायची खूण सोपी: बाहेरच्या डिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला घेतली की नेट मरतं आणि कॉपी संपली की जिवंत होतं. डोंगलला मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर आणा. पत्र्यापासून आणि गोंगाटापासून, दोन्हींपासून सुटका होते. जमत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा, तिथे हा त्रास जवळपास नाही.

'रिकामं' चॅनल निवडणं

२.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनलं ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण एकेक कनेक्शन २० मेगाहर्ट्झची जागा खातं. त्यामुळे एकमेकांत न घुसणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. शेजारचे राउटर १ आणि ६ वर दिसले म्हणून कुणी मोठ्या हुशारीने ३ किंवा ४ निवडतो आणि दोघांशीही भांडण ओढवून घेतो. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट घुसलेल्यांना एकमेकांचं बोलणं म्हणजे नुसता कलकलाट. तेव्हा या तिघांपैकीच कमी गर्दीचं घ्या आणि रुंदी ४० नाही, २० ठेवा. १२ किंवा १३ वर राउटर ठेवलात तर काही कार्डांना तो दिसतच नाही, नेटवर्कच गायब.

५ गिगाहर्ट्झची खोड वेगळी. ५२ ते १४४ ही चॅनलं रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनल सोडावंच लागतं, आणि यातल्याच दुसऱ्यावर जायचं तर आधी किमान मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो. म्हणून तुमचं नेट मधूनच मिनिटभर जाऊन आपोआप परत येत असेल, तर राउटर ३६ ते ४८ पैकी एकावर बांधून टाका.

ड्रायव्हर आणि झोपाळू कार्ड

विंडोज वीज वाचवायला वाय-फाय कार्डाला झोपवू शकतं. लॅपटॉपला ठीक आहे, सतत प्लगला असलेल्या डेस्कटॉपला काय करायचंय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. लिनक्सवर नेटवर्क मॅनेजरमध्ये वाय-फायचं पॉवरसेव्ह बंद करता येतं.

ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना घरात घेऊ नका. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी करून बघा. आणि जुना काढण्याआधी नवा डाउनलोड करून ठेवा! नेट चालवणारा ड्रायव्हर उडवून मग तो नेटवरून शोधायला निघालेले कमी नाहीत. 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी. सेव्ह केलेले वाय-फायचे सगळे पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी त्यात जाते.

रेंज संपते तिथेच एक्स्टेंडर लावणं

एक्स्टेंडर राउटरचा सिग्नल घेऊन पुढे ढकलतो. जिथे सिग्नल पोहोचतच नाही तिथे तो काय पुढे ढकलणार? तो मध्यावर, चांगली रेंज असलेल्या जागी लावायचा.

कार्ड खराब ठरवून नवं मागवणं

त्याआधी मोबाइल वाय-फायला जोडून यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन वाय-फायचंच नेट पुढे देतात, म्हणजे तासाभरापुरता फोनच तुमचं वाय-फाय कार्ड झाला. मोबाइल डेटा तेवढा बंद ठेवा आणि फोन कॅबिनेटच्या मागेच असू द्या. पिंग आता शांत चाललं तर कार्ड, अँटेना किंवा ड्रायव्हर यांपैकी काहीतरी बिघडलंय. तरीही तुटलं तर ती जागाच वाईट आहे किंवा राउटर, आणि नव्या कार्डाने काही फरक पडणार नाही. मशीन जागचं हलणारच नसेल तर राउटरपासून थेट लॅनची केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत सहज चालते.