ठासणीच्या रायफलची नळी कशी तपासावी: सऱ्यांची खोली आणि अस्सलपणा

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची जुनी रायफल हाती आली की बहुतेक जण नळीच्या तोंडातून टॉर्च मारतात. आतल्या सऱ्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळत्या खाचा, खोल दिसल्या तर अस्सल, उथळ दिसल्या तर घासलेली किंवा नकली, असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल अनेकदा चुकतो. सरी किती खोल पाडायची हे त्या नळीतून कोणती गोळी जाणार यावर ठरायचं. म्हणून खोली जरूर मोजा, पण सऱ्यांची संख्या, पीळ (सरी किती लांबीत एक फेरा घेते) आणि गोळी यांच्याशी ती ताडून पाहा.

पहिलं काम सुरक्षेचं. लाकडी गज तोंडातून थेट बुडापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकापर्यंत सोडा, तोंडाशी गजावर पेन्सिलीची खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. गजाचं टोक रंजकाच्या भोकापर्यंत (जिथून आतली दारू पेटवतात) किंवा निपलपर्यंत (जिच्यावर पेटवायची टोपी बसते) पोचायला हवं. इंचभर जरी अलीकडे थांबलं तरी आत काहीतरी आहे असं समजा आणि जाणकार बंदूक-कारागिराकडे न्या. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र कायदा १९५९ लागू आहे. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा पुरातन हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे, तेव्हा कागदपत्रं आधी बघून घ्या.

मग नळी साफ करा, पण हलक्या हाताने. सुती फडकं आणि पातळ तेल पुरे. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर आत घातलात, तर जे वाचायचं तेच पुसून टाकाल.

आता तोंडाशी सऱ्या मोजा. पेनसिल्व्हेनियाच्या लाँग रायफलमध्ये सात सऱ्या वारंवार दिसतात. इंग्रजांच्या १८०० सालच्या बेकर रायफलमध्येही सातच. इंग्रजांच्याच १८५३ च्या एनफिल्डमध्ये आणि १८६१ च्या अमेरिकी स्प्रिंगफील्डमध्ये तीन. सऱ्यांची संख्या विषम असली की सरीसमोर वरंबा (दोन सऱ्यांमधला उंचवटा) येतो, त्यामुळे कॅलिपरने सरळ माप मिळत नाही. शिवाय वर्षानुवर्षं गज घासून तोंड रुंदावलेलं असतं, म्हणून तोंडाशी घेतलेली खोली खरी धरू नये.

यावर साधा उपाय म्हणजे साचा. नळीत दोन-तीन इंच खाली कापसाचा घट्ट बोळा बसवा, आतून तेलाचा पुसट हात फिरवा आणि दंतवैद्य दातांचं माप घ्यायला वापरतात ते सिलिकॉन भरा. घट्ट झालं की ओढू नका. पिळाच्या दिशेने फिरवत बाहेर काढा. आतल्या बाजूच्या टोकाची पातळ चकती कापून मोजपट्टी असलेल्या भिंगाखाली धरा. सरीची खोली तर दिसतेच, तिचा तळ चौकोनी आहे की गोलसर, हेही स्पष्ट दिसतं.

पीळ मोजायला गजाच्या टोकाला घट्ट चिंधी बांधा. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. गज आत ढकलताना तो पाव फेरा वळायला किती इंच गेला ते पाहा आणि चारने गुणा. एनफिल्डचा पूर्ण फेरा ७८ इंचांत होतो आणि नळी ३९ इंचांची, म्हणजे आत अर्धाच फेरा. बेकरच्या ३० इंची नळीत तर जेमतेम पाव.

आता आकडे वाचू. कापडात गुंडाळलेली गोल गोळी असेल तर कापडाला आणि दारूच्या काजळीला जागा लागते. आज अशा गोळीसाठी बनणाऱ्या नळ्यांत खोली साधारण ०.०१० ते ०.०१६ इंच ठेवतात. मिनिए पद्धतीच्या पोकळ बुडाच्या गोळीचं तंत्र वेगळं. ती स्फोटाच्या दाबाने फुगून सऱ्यांत बसते, तिला उथळ सरी चालते. स्प्रिंगफील्डमध्ये सरी बुडाशी ०.०१५ इंच आणि तोंडाशी ०.००५ इंच होती, मुद्दाम उतरती ठेवलेली. अशा नळीचं फक्त तोंड पाहून ‘घासली आहे’ म्हणणं हा त्या कारागिरीवर अन्याय आहे.

हाताने पाडलेली सरी ओळखायची असेल तर चकतीवर सगळ्या सऱ्या एकमेकींशी ताडून बघा. एकच पातं पुन्हा पुन्हा ओढायचं आणि ते उचलायला त्याखाली कागदाची पट्टी सारायची, अशी ती पद्धत होती. त्यामुळे केसभर फरक राहतोच. पण १८५० नंतरच्या सरकारी कारखान्यांत सऱ्या यंत्राने पाडत, म्हणून तिथे सारखेपणा हा संशयाचा मुद्दा ठरत नाही. अमेरिकेत झिजलेल्या नळ्या पुन्हा कोरून घेण्याचाही रिवाज होता. अशा नळीची सरी नव्यासारखी खोल दिसते आणि बोअर (नळीचा आतला व्यास) मूळपेक्षा मोठा भरतो. मी तिला नकली म्हणणार नाही, कारण ती त्या रायफलच्या वापराची खूण आहे. विकणाऱ्याने मात्र ते सांगायला हवं.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, पण आत सऱ्याच नाहीत आणि बोअर ०.५७७ ऐवजी ०.६५ इंचाच्या आसपास, अशी बंदूक दिसली तर ती झिजलेली समजू नका. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती रायफल द्यायची नाही असं इंग्रजांनी ठरवलं आणि पॅटर्न (नमुना) १८५८ व १८५९ या गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यासाठी काढल्या. त्यांचा अस्सलपणा सऱ्या नसण्यातच आहे. कोणी त्यात सऱ्या पाडून देतो म्हणाला तर स्पष्ट नकार द्या. १८५८ च्या नळ्या आतून कोरून रुंद केलेल्या, त्यामुळे त्यांची भिंत आधीच पातळ आहे.