जुन्या खुनाचा तपास आणि डीएनए : या चुका टाळा

वेल्समधल्या कार्डिफ शहरात 14 फेब्रुवारी 1988 रोजी जेम्स स्ट्रीटवरच्या एका फ्लॅटमध्ये लिनेट व्हाइट या 20 वर्षांच्या मुलीचा खून झाला. अंगावर 50 हून जास्त वार होते. खरा मारेकरी जेफ्री गफूर 2003 मध्ये हाती लागला, तोही झटापटीत त्याचं स्वतःचं रक्त तिथे सांडलं होतं म्हणून. मधल्या 15 वर्षांत तीन निर्दोष माणसांना जन्मठेप झाली. आणखी दोघे खटला संपेपर्यंत आरोपीच्या पिंजऱ्यात होते.

ही हकिकत सहसा ‘डीएनएने उलगडलेला खून’ म्हणून सांगितली जाते. ते खरंच आहे. पण ते रक्त पोलिसांच्या हातात 1988 मध्येच आलं होतं, आणि मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तंत्र पुढे जायची वाट पाहावी लागली, हे मान्य. माणसांनी ज्या चुका केल्या त्या मात्र तंत्राच्या नव्हत्या. अशाच चुका जर्मनीत झाल्या, अमेरिकेत झाल्या, आपल्याकडेही होऊ शकतात. तपास अधिकारी, वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला आणि गुन्हेगार सापडलाच नाही असे कुटुंबीय, या सगळ्यांनी त्या समजून घ्याव्यात.

कबुली मिळाली म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नका

लिनेटच्या कपड्यांवर आणि खोलीत परक्या माणसाचं रक्त होतं. रक्तगट एबी, आणि रक्त पुरुषाचं. घटनेच्या सुमारास घराजवळ हाताला रक्त लागलेला एक गोरा माणूस दिसल्याचं लोकांनी सांगितलं होतं, त्याचं चित्रही प्रसिद्ध झालं होतं. तरी दहा महिन्यांनी अटक झाली ती पाच कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय पुरुषांना. सापडलेलं रक्त त्यांच्यापैकी कोणाशीही जुळत नव्हतं.

खटला उभा राहिला तो जबाबांवर. एका आरोपीची पाच दिवसांत मिळून सुमारे 13 तास चौकशी झाली. त्याने 300 पेक्षा जास्त वेळा ‘मी नाही केलं’ असं सांगितलं आणि शेवटी तो मोडला. 1990 मध्ये तिघांना जन्मठेप झाली, दोघे सुटले. डिसेंबर 1992 मध्ये अपील न्यायालयाने त्या चौकशीच्या ध्वनिफिती ऐकल्या आणि तिघांचीही शिक्षा रद्द केली.

कार्डिफच्या खुनाच्या थोडंच आधी शेजारच्या इंग्लंडमध्ये नेमका उलटा धडा मिळालेला होता. लेस्टरशायरमध्ये 1983 आणि 1986 साली 15 वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली 17 वर्षांच्या एका मुलाने दिली. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधणारे शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीस यांनी डीएनए तपासला तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे असल्याचं आणि तो माणूस हा मुलगा नसल्याचं निघालं. खुनाच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला आणि त्याचं पहिलं काम एका निरपराधाला सोडवणं हे ठरलं. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला जानेवारी 1988 मध्ये जन्मठेप झाली. पुढच्याच महिन्यात कार्डिफची घटना घडली. इतका ताजा धडा समोर असूनही तो कोणी घेतला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वी तशी तरतूद पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होती, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. तरीही कबुली मिळाली की पुढचा सगळा तपास तिच्याच दिशेने वळतो. म्हणून जुन्या प्रकरणाची फाइल उघडली की आधी जबाब वाचू नका. आधी वस्तूंची यादी वाचा, प्रयोगशाळेचे जुने अहवाल वाचा आणि आरोपीशी न जुळलेली कोणती गोष्ट तिथे पडून आहे ते शोधा.

पिचफोर्क प्रकरणातली आणखी एक चूक इथेच सांगून टाकतो. पोलिसांनी परिसरातल्या हजारो पुरुषांचं रक्त तपासलं, आणि पिचफोर्कने आपल्या जागी एका सहकाऱ्याला पाठवलं. नमुना देणारा तोच माणूस आहे का, याची खातरजमा झाली नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

जुना मुद्देमाल निकामी समजू नका

कार्डिफचं प्रकरण 1999 च्या सुमारास पुन्हा उघडलं तेव्हा न्यायवैद्यक शास्त्रज्ञ अँजेला गॅलप यांच्या चमूने दोन गोष्टी केल्या. 1988 मध्ये गोळा केलेली प्रत्येक वस्तू पुन्हा पाहिली, आणि त्या फ्लॅटमध्ये पुन्हा जाऊन तपासणी केली. सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक (सेलोफेन) वेष्टनावर रक्ताचा अंश सापडला. फ्लॅट मधल्या काळात रंगवला गेला होता, पण भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीवरचे रंगाचे थर काळजीपूर्वक काढल्यावर खाली तेच रक्त होतं. रंगाने ते पुसलं गेलं नव्हतं, उलट झाकून जपलं गेलं होतं. अज्ञात आरोपीला तपास पथकाने नाव दिलं ‘सेलोफेन मॅन’.

1988 मध्ये डीएनए तपासायला बरंच रक्त लागायचं आणि ते बऱ्यापैकी शाबूतही असावं लागायचं. आता डीएनएच्या ठरावीक छोट्या तुकड्यांच्या लाखो प्रती प्रयोगशाळेत तयार करता येतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरतो. याचा अर्थ असा की, ‘तेव्हा काही निघालं नाही’ हे वाक्य आज पुरेसं नाही.

वस्तू टिकली पाहिजे, हे मात्र खरं. डीएनएचे शत्रू तीन : ओल, उष्णता आणि ऊन. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर ओलीला जास्तच जपावं लागतं. रक्ताळलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटत जातो. कपडा सावलीत, स्वच्छ कागदावर वाळवावा. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात घालावी, दोन कपडे एकत्र बांधू नयेत. पाकीट मोहोरबंद करावं आणि मोहोर कोणी, कधी, कोणासमोर लावली ते पंचनाम्यात यावं. वस्तू बदलताना हातमोजे बदलावेत. हे सगळं जुनंच ज्ञान आहे, पण एखादा दिवस घाई होते आणि तीस वर्षांनी तीच घाई आडवी येते.

‘काही मिळालं नाही’ म्हणजे ‘काही नव्हतं’ असं धरू नका

लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर जुलै 1992 मध्ये रेचल निकेल या तरुणीचा खून झाला. पोलिसांनी एका भलत्याच माणसावर खटला भरला, तो 1994 मध्ये न्यायालयाने मोडीत काढला. पुढे जपून ठेवलेल्या नमुन्यांवर डीएनए चाचणी झाली आणि हाती काहीच लागलं नाही. तेच नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेने वेगळ्या पद्धतीने तपासले तेव्हा रॉबर्ट नॅपरचा माग लागला. 2008 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. नमुन्यात डीएनए होताच, पहिल्या पद्धतीला तो दिसला नव्हता.

म्हणून नकारात्मक अहवाल आला तर विचारा : कोणती पद्धत वापरली, किती नमुना खर्च झाला, किती शिल्लक आहे? शिल्लक नमुना हीच जुन्या प्रकरणाची खरी पुंजी. एकाच चाचणीत सगळा संपवायचा निर्णय लेखी कारणाशिवाय कोणी घेऊ नये.

नमुन्यात बाहेरचा डीएनए मिसळू देऊ नका

जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एप्रिल 2007 मध्ये एका तरुण महिला पोलिसाची गोळी घालून हत्या झाली. गाडीवर एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे 40 गुन्ह्यांत मिळाला होता : जुने खून, किरकोळ घरफोड्या, सगळीकडे तीच. तिच्यासाठी 3 लाख युरोंचं बक्षीस लावलं गेलं.

2009 मध्ये उलगडा झाला. नमुने घ्यायला जे कापसाचे बोळे वापरले जात होते त्यांच्यावरच तो डीएनए होता, बोळे तयार करणाऱ्या ठिकाणच्या एका महिला कामगाराचा. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो. या प्रकरणातूनच पुढे 2016 मध्ये अशा साहित्यात माणसाचा डीएनए मिसळू नये यासाठीचं आयएसओ 18385 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्या पोलिसाचे खरे मारेकरी नवनाझी टोळीतले असल्याचं 2011 मध्ये कळलं. तोवर कितीतरी तपास एका नसलेल्या बाईमागे धावत होते.

जुन्या मुद्देमालाच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो. पूर्वी लोक उघड्या हातांनी वस्तू हाताळत. पंच, डॉक्टर, कारकून, न्यायालयातले कर्मचारी, कितीतरी हात लागलेले असतात. शक्य असेल तिथे या सगळ्यांचे नमुने घेऊन ते आधी वगळावेत.

नातेवाईक सापडला म्हणजे आरोपी सापडला असं मानू नका

गफूरचा डीएनए ब्रिटनच्या डीएनए नोंदींच्या राष्ट्रीय संचात नव्हता. पण त्या रक्तातल्या डीएनएत एक दुर्मीळ खूण होती. ती खूण असलेल्या लोकांचा शोध घेता घेता पोलीस 14 वर्षांच्या एका मुलापर्यंत आले. खून झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. बरंचसं जुळत होतं, पूर्ण जुळत नव्हतं, म्हणजे जवळच्या नात्यातला कोणीतरी. मग कुटुंबातल्या पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि त्याच्या काकाचा नमुना तंतोतंत जुळला. जुलै 2003 मध्ये गफूरने गुन्हा मान्य केला.

कॅलिफोर्नियातला ‘गोल्डन स्टेट किलर’ जोसेफ डिअँजेलो एप्रिल 2018 मध्ये असाच, पण दूरच्या नातलगांवरून सापडला. जीईडीमॅचसारख्या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळांवर लोकांनी स्वतःहून दिलेल्या माहितीतून वंशावळ तज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर आणि तपास पथकाने वंशवृक्ष उभे केले, वय, गाव, राहण्याची ठिकाणं ताडून नावं गाळत नेली. मग त्याच्या मोटारीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यात टाकलेल्या टिशूवरून ताजा डीएनए मिळवून जुन्या नमुन्याशी थेट ताडला, तेव्हाच अटक केली. 2020 मध्ये त्याने 13 खून मान्य केले.

मात्र त्याआधी, 2017 मध्ये, याच तपासात एका दुर्मीळ खुणेवरून ओरेगनमधल्या शुश्रूषागृहात राहणाऱ्या एका वृद्धाचा नमुना न्यायालयाच्या आदेशाने घेतला गेला होता. त्याचा या गुन्ह्यांशी काडीचा संबंध नव्हता. नात्यावरून मिळालेली गोष्ट म्हणजे धागा. थेट नमुना जुळेपर्यंत त्या कुटुंबातलं एकही नाव बाहेर जाता कामा नये, वर्तमानपत्रात तर नाहीच.

जुळला म्हणजे तोच खुनी, हेही नाही

2012 मध्ये कॅलिफोर्नियात एका खुनात मृताच्या नखांवर ज्याचा डीएनए मिळाला, तो माणूस त्या रात्री रुग्णालयात दाखल होता. दोघांनाही त्याच रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी हाताळलं होतं, त्यातून त्याचा डीएनए मृतापर्यंत गेला. कित्येक महिने तुरुंगात काढल्यावर तो सुटला. त्वचेच्या चार पेशी आणि सांडलेलं रक्त यांचं वजन सारखं नसतं. कार्डिफमध्ये रक्त होतं आणि झटापटीच्या खुणांशी ते जुळत होतं, म्हणून तो पुरावा भक्कम ठरला.

आकड्यांचंही तसंच. जीर्ण नमुन्यातून कधी कधी डीएनएचा अर्धवटच आराखडा (प्रोफाइल) मिळतो. समजा अहवालात लिहिलं आहे, ‘असा आराखडा दहा लाखांत एकाचा असतो’. ऐकणाऱ्याला वाटतं, आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक. ते चूक आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. म्हणजे असा आराखडा असलेली शंभरावर माणसं एकट्या महाराष्ट्रात निघतील. त्यांतला हाच का, हे बाकीच्या पुराव्याने सांगायला हवं. पूर्ण आराखड्याचा आकडा याहून कितीतरी पटींनी दुर्मीळ असतो, म्हणून अहवाल अर्धवट आराखड्याचा आहे की पूर्ण, हे वकिलाने पहिल्या फटक्यात विचारावं.

कागद गहाळ होऊ देऊ नका

कार्डिफ प्रकरणात निरपराधांना अडकवल्याच्या आरोपावरून माजी पोलीस अधिकाऱ्यांवर खटला चालला. डिसेंबर 2011 मध्ये तो कोसळला, कारण काही कागदपत्रं नष्ट झाल्याचं न्यायालयाला सांगितलं गेलं. जानेवारी 2012 मध्ये तीच कागदपत्रं मूळ खोक्यांत सापडली. तोवर अधिकारी निर्दोष सुटले होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 जुलै 2025 रोजी तमिळनाडूतल्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडलं. एक कारण असं की डीएनए नमुन्यांचा प्रवास विश्वासार्ह नव्हता. त्याच निकालात देशभरासाठी निर्देश आहेत : नमुना घेताना पूर्ण नोंदी आणि सह्या, 48 तासांत तो प्रयोगशाळेत पोचवणं आणि उशीर झाल्यास कारण लिहिणं, खटल्यादरम्यान न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट न उघडणं, आणि नमुना कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला याची अखेरपर्यंतची नोंदवही.

कुटुंबीयांसाठी शेवटचं. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, अशा प्रकरणात पोलीस ‘ए समरी’ अहवाल देतात. त्याने प्रकरण कायमचं मिटत नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, आणि पुढील तपासाची वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193(9) ने खुली ठेवली आहे. अर्ज करताना ‘आम्हाला न्याय हवा’ एवढंच लिहून थांबू नका. गुन्हा क्रमांक, पंचनाम्यात नोंदलेल्या वस्तूंची यादी, त्यांतली प्रत्येक वस्तू आज कुठे आहे याची विचारणा, प्रयोगशाळेच्या जुन्या अहवालाची प्रत आणि शिल्लक नमुन्यांची माहिती मागा. आणि मुद्देमाल नष्ट करू नये, अशी विनंती त्याच अर्जात, पहिल्या परिच्छेदात लिहा.